आक्काची चापट

"धरा त्याचे हात, वन्सं. दोन्ही धरा."

रिक्षात त्रिशला एका कडेला, मी दुसऱ्या कडेला आणि पारस आमच्या मधे. त्याचा उजवा हात माझ्याकडं, डावा तिच्याकडं. सहा वर्षांचं पोर ते, पण अंगात बळ असं की माझं मनगट दुखायला लागलं. जयसिंगपूर ते सांगली तसं लांब नाही, पण त्या सकाळी वाटेतला अंकलीचा पूल यायचं नाव घेईना. रिक्षावाला आरशातून मागं बघायचा आणि आमची नजर पडली की पुढं बघायचा.

हात जरा सैल पडला की पारस पोटावर चापट मारायचा. एक, दोन. मग मान खाली घालून पोटाकडं टक लावायचा, ओठांचा चंबू करून 'फू फू' करायचा आणि मग किंचाळायचा. ते किंचाळणं कानातून आरपार जायचं.

"हे फू फू कधीपासनं?" मी विचारलं.

"परवापासनंच. मारणं आणि हे, दोन्ही एकदम सुरू झालं." त्रिशलाचा आवाज बसला होता. "वाढलंय त्याचं, वन्सं. केंद्रात ओक मॅडमकडं तो एक मुलगा येतो ना, हेल्मेट घातलेला? भिंतीवर डोकं आपटतो म्हणून घालतात. त्याची आई म्हणाली होती, आधी नुसता मांडीवर चापटा मारायचा."

"उगं काहीतरी मनात आणू नकोस."

"मी काय हौसेनं आणतीय?"

मी हायस्कुलात भूगोल शिकवते, माझ्या आवाजाला मागच्या बाकावरची पोरं टरकून असतात, पण त्रिशलापुढं त्या दिवसांत माझं काही चालायचं नाही. माझ्या धाकट्या भावाची, अभयची, ही बायको. लग्न होऊन आली तेव्हा गप्पिष्ट होती. पारस झाल्यावर तिचं हसणं आटत गेलं. डॉक्टरांनी 'ऑटिझम' हा शब्द सांगितला तेव्हा तो आमच्या गल्लीत कुणीही ऐकलेला नव्हता. या गोष्टीला वीस वर्षं झाली. लोक म्हणायचे, पोरगं हट्टी आहे, लाडानं बिघडलंय, कुणाची तरी नजर लागलीय. एका बाईनं तर जिभेला वेखंड घासायला सांगितलं, आणि आम्ही तेही केलं.

पारस अडीच वर्षांचा होईपर्यंत चाललाच नाही. चालला तो चवड्यांवर. टाच म्हणून जमिनीला टेकवायचा नाही. चमचा बोटांत ठरायचा नाही. नळ सोडायचा असला की माझं मनगट धरून मला मोरीपर्यंत न्यायचा आणि माझा हात नळावर ठेवायचा, आपण पक्कड वापरतो तसा. त्यात माझ्या तोंडाकडं बघण्याचं कारणच नव्हतं. पकडीच्या तोंडाकडं कोण बघतं?

आणि बोलणं म्हणाल तर, आपण विचारू तेच परत. "पारस, भूक लागली?" म्हटलं की "पारस, भूक लागली?" अगदी माझ्याच हेलात. टीव्हीवरची साबणाची जाहिरात सुरात म्हणायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, काय छान बोलतो पोर. पण "दुखतंय का?" विचारलं की "दुखतंय का?" येणार. तिथं आमची गाडी अडायची ती अडायचीच.

परवापासून तो जेवला नव्हता. एकदा उलटी झाली, अंग थोडं कोमट लागत होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅसचं औषध दिलं. त्यानं काही झालं नाही. चापटा मात्र वाढत गेल्या. सांगलीतल्या विशेष मुलांच्या केंद्रात त्याला शिकवायच्या त्या ओक मॅडमना त्रिशलानं फोन लावला, तर त्या म्हणाल्या, आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. अभय कामासाठी निपाणीला गेलेला. म्हणून आम्ही दोघीच निघालो होतो.

निघताना एक प्रसंग झाला तो सांगायलाच हवा. दारात माझी आई उभी होती. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. तिनं फक्त विचारलं, "मी येऊ का गं?"

त्रिशला चपला घालता घालता थांबली. "नको आक्का. हे मारायचं तुम्हीच शिकवलंय त्याला. आता मला निस्तरू दे."

आक्का हात पदरात गुंडाळून तशीच उभी राहिली. हात पदरात गुंडाळायची ही सवय तिला सहा महिन्यांपूर्वी लागली होती. त्याआधी पारस पडला, धडकला, काही झालं की आक्का कुठंही असली तरी धावत यायची आणि ज्यानं पोराला लागलं त्याला चापट द्यायची. जमिनीला, दाराला, पाळण्याला. "हात् रे मेल्या, माझ्या सोन्याला पाडतोस व्हय?" आपल्याकडं सगळ्याच आज्या करतात. मग एके दिवशी केंद्रात पारसनं दुसऱ्या एका मुलीला चापट मारली. ती मुलगी त्याच्या अंगावर पडली होती. ओक मॅडमनी आम्हाला बसवून नीट समजावलं की या मुलांना खेळातलं मारणं आणि खरं मारणं यातला फरक लवकर कळत नाही, तेव्हा घरात वस्तूंनाही मारून दाखवू नका. परत असं झालं तर बाकीच्या पालकांना काय सांगू, असंही म्हणाल्या. बाई बिचारी चुकीचं बोलत नव्हती. त्रिशलानं घरी येऊन आक्काला बजावलं. तेव्हापासून पारस पडला की आक्का उठायची, अर्ध्या वाटेत थांबायची आणि हात पदरात घालायची.

हॉस्पिटलात गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा पारस रडून रडून लाल झाला होता. डॉक्टर नलवडे तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी स्टेथोस्कोप पुढं केला मात्र, पारसनं लाथ झाडली. टेबलावरचा टॉर्च खाली गेला.

"ताप आहे थोडा," त्या म्हणाल्या. "पोट दाबून बघायला हवं. एरवीही हात लावू देत नाही का?"

"नाही देत," त्रिशला म्हणाली. "ऑटिझम आहे त्याला. आणि आता दोन दिवस झाले, स्वतःला मारायला लागलाय. तेवढं थांबवा, डॉक्टर. दुसरं मला काही नको."

डॉक्टरांनी पुन्हा प्रयत्न केला. मी पाय धरले, त्रिशलानं हात धरले, नर्सनं डोकं. पारस असा काही ताठ झाला की पोट दगडासारखं. त्यात काय कळणार?

"असं नको करायला," डॉक्टर बाजूला होत म्हणाल्या. "त्याला त्रास होतोय. शांत होण्याचं औषध लिहून देते. एक टोपण द्या आणि बाहेर बसा. झोप लागली तर घरी न्या, आणि उद्यापर्यंत फरक नाही पडला तर घेऊन या. अशा मुलांत कधी कधी अचानक असं वाढतं."

'वाढतं' हा शब्द ऐकून त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. बघा, मी सांगत नव्हते, असं तिचे डोळे म्हणत होते. इतके दिवस मी तिला धीर देत होते, तो सगळा त्या एका शब्दानं गेला.

खालच्या दुकानातून मी बाटली आणली. बाहेरच्या बाकावर पारसला आमच्या मधे बसवलं. त्रिशलानं टोपण भरलं. औषध लाल होतं, त्याला सरबताचा वास येत होता.

"थांब जरा," मी म्हटलं.

"कशाला?"

"मला माहीत नाही कशाला. जरा थांब."

"वन्सं, दोन रात्री तो झोपला नाही आणि मी पण नाही. झोपू दे त्याला."

कारण तर माझ्याजवळही नव्हतं. तरी मी तिचं मनगट धरून ठेवलं. एका हातात पोराचं मनगट, दुसऱ्या हातात त्याच्या आईचं. लोक बघत होते.

तेवढ्यात समोर एक दुडदुडतं पोर आलं. पायात ते चूं चूं वाजणारे बूट. त्याच्यामागं नऊवारीतली त्याची आजी. एक्स-रेच्या खोलीला उंच उंबरा होता, त्याला अडखळून पोर सपशेल आडवं झालं आणि त्यानं भोकाड पसरलं.

आजी गुडघ्यावर बसली. तिनं उंबऱ्याला फाडफाड दोन चापटा दिल्या. "हात् रे मेल्या उंबऱ्या. माझ्या राजाला पाडतोस? परत पाडशील?" मग पोराचा गुडघा हातात घेऊन त्यावर फुंकर घातली. "फू, फू. गेलं बघ. उडून गेलं."

पोर एक हुंदका देऊन गप्प झालं. आणि माझ्या बाजूचं रडणंही थांबलं. अगदी मधेच थांबलं. माझ्या हातातला पारसचा हात ढिला पडला होता. तो त्या बाईकडं बघत होता. तोंडाकडं नाही, हाताकडं.

तो बाकावरून उतरला. थोडा वाकून, चवड्यांवर, सरळ तिच्याकडं निघाला.

"धरा त्याला, वन्सं. मारेल तो त्या बाळाला," त्रिशला ओरडली.

मी उठले, पण धरलं नाही. का ते देव जाणे. पारसनं त्या बाळाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं त्या बाईचं मनगट पकडलं, नळ सोडायला माझं पकडायचा तसं. तिचा हात ओढून आपल्या पोटावर आणला, बेंबीच्या खाली उजव्या अंगाला. आणि तिच्या हातानं तिथं मारलं. एक, दोन. मग हात सोडून मान खाली घातली आणि फुंकर घातली. फू, फू.

आणि तो पोटाकडं बघत राहिला, वाट बघत.

"अगं बाई, हे काय करतंय लेकरू?" ती बाई गांगरून म्हणाली.

मला आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा दिसत होता, आक्का दिसत होती. आक्काच्या दोन चापटा आणि मग फुंकर. शिस्तच होती तिची. चापटा आम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवल्या होत्या, कारण त्यावरून भांडण झालं होतं. फुंकर सगळे विसरलो होतो.

"त्रिशला," मी म्हटलं, "तो स्वतःला मारत नाहीये."

"मग काय करतोय?"

"पोटाला मारतोय. आक्का उंबऱ्याला मारायची तसं. पोटानं मारलंय त्याला."

ती पारसकडं वळली.

"अगं, दुखतंय त्याचं. परवापासनं सांगतोय तो आपल्याला. जागा बघ. एकदा तरी डावीकडं मारलंय का त्यानं?"

त्रिशलानं हातातल्या टोपणाकडं बघितलं. मग ते औषध बाटलीत परत ओतायला गेली, तर निम्मं साडीवर सांडलं.

नंबरबिंबर न बघता मी आत शिरले, मागोमाग पारसला घेऊन त्रिशला. दारावरचा माणूस "ओ मॅडम, ओ मॅडम" करत मागं आला. मी वर्गातल्या आवाजात त्याला बाहेर उभं राहायला सांगितलं, तर उभा राहिला बिचारा. डॉक्टर दुसऱ्या पेशंटला तपासत होत्या. मी भराभर सगळं सांगितलं, आक्का, उंबरा, फुंकर. सांगताना माझं मलाच वाटत होतं की ही बाई आता मला वेड्यात काढणार.

नाही काढलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "परत सांगा. कुठं मारतो?"

"इथं. दर वेळी इथंच."

"मला हात लावू देईल?"

"आधी टेबलाला मारा," मी म्हटलं.

आणि खरंच, त्या डॉक्टरबाईंनी टेबलाला दोन चापटा दिल्या. "हात् रे टेबला." थोडं लाजत, पण दिल्या. पारसनं त्यांच्या हाताकडं बघितलं. मग त्यांनी त्याच्या पोटावर अगदी हलकी चापट दिली, वाकून फुंकर घातली आणि हात तिथंच राहू दिला. पारसनं तो ढकलला नाही. त्यांनी बोटं हळूहळू आत दाबली आणि झटकन उचलली.

पारस दुमडला. गुडघे छातीशी गेले, तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. इतक्या किंचाळ्यांनी झाली नव्हती तशी माझी अवस्था त्या एका न आलेल्या आवाजानं झाली.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्या नर्सला म्हणाल्या, "सर्जनना बोलवा. लगेच." मग आमच्याकडं वळल्या. "ते औषध दिलंत?"

"नाही," त्रिशला म्हणाली.

"बरं झालं. झोपला असता, आणि आपण समजलो असतो की शांत झालाय." त्यांनी खुर्चीला धरून एक मोठा श्वास घेतला. "अपेंडिक्स वाटतंय. सोनोग्राफी करू, पण आजच काढावं लागेल. फुटलं असतं तर अवघड होतं."

पुढचं सगळं घाईत झालं. सह्या, सुई, चाकाची खाट. पारसला आत नेताना त्रिशला खाटेबरोबर दारापर्यंत गेली. दार मिटलं तरी तिथंच उभी राहिली, शेवटी मीच तिला ओढून बाकावर आणलं.

माझा जीव तर टांगणीला लागला होता. आत भूल देतात, त्यातनं ते पोर उठलं नाही तर? उठलं आणि आम्ही दिसलो नाही तर? तहान लागली तर कुणाचं मनगट धरेल? आत त्याच्या ओळखीचा एकही हात नव्हता.

"काल त्याच्या हातांना मी ओढणी गुंडाळली होती," त्रिशला अचानक म्हणाली. "मारू नये म्हणून."

"तुला काय ठाऊक होतं तेव्हा."

"तो सांगत होता, वन्सं. आणि मी त्याचं तोंड बांधल्यासारखं केलं."

मी तिचा हात हातात घेतला. दुसरं काय करणार? मलाही रडू येत होतं, पण दोघी रडायला लागलो असतो तर दार उघडल्यावर डॉक्टरांशी बोललं कोण असतं?

दार उघडलं तेव्हा दुपार कलली होती. सर्जननी टोपी काढत सांगितलं, "वेळेत आलात." तेवढंच बोलले आणि गेले. त्रिशलानं त्यांच्या पाठीला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभय आक्काला घेऊन आला. आक्कानं घरनं मऊ भात आणला होता, जो पारसला द्यायचा नव्हता हे तिला ठाऊक नव्हतं. ती दारातच घुटमळली. त्रिशला उठली आणि खाटेजवळचं स्टूल तिनं आक्कासाठी पुढं ओढलं. "बसा आक्का," एवढंच म्हणाली. माफी मागायची होती तिला, मला दिसत होतं, पण ती पारसचं पांघरूण सारखं करत राहिली. घरात एकट्या पारसचीच बोलायची अडचण होती असं थोडंच आहे.

पारस जागा होता. चेहरा सुकलेला, ओठ कोरडे. औषधाचा अंमल उतरत होता आणि टाके ओढत असणार, कारण त्याचा मोकळा हात पोटाच्या पट्टीकडं निघाला. त्रिशलानं झटकन तो पकडला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सोडून दिला आणि आक्काकडं वळली.

"आक्का, तुम्ही मारा ना."

"काय?"

"खाटेला मारा. पूर्वी मारायच्या तसं. त्याला दुखतंय."

रात्रीच अभयनं आक्काला सगळं सांगितलं होतं. तिला ठाऊक होतं. पण तिचे हात पदरातनं बाहेर आले नाहीत.

"नको गं बाई," ती म्हणाली. "मी त्याला मारायचं शिकवते म्हणून तर—" आणि तिथंच तिचा आवाज फुटला. माझी आई वडील गेले तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती. ती त्या स्टुलावर बसून, तोंडात पदराचा बोळा कोंबून रडायला लागली. अभय खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. त्रिशला नुसती "आक्का, आक्का" करत होती.

पारसनं मान वळवली. आक्काकडं बघितलं. हाताकडं नाही, कारण हात पदरात होते. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. असं बघताना मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्याची नजर खाली सरकली. आक्काच्या खांद्यावरून, गुडघ्यावरून, ती बसली होती त्या स्टुलावर येऊन थांबली.

त्यानं खाटेच्या कडेवरून हात खाली सोडला आणि स्टुलाला चापट मारली. एक. दम लागला म्हणून थांबला. मग दुसरी.

"हात् ले," तो म्हणाला. आक्काच्या हेलात नाही, माझ्या नाही, टीव्हीतल्याही नाही. तो घोगरा, बोबडा आवाज आमच्यापैकी कुणीच ओळखत नव्हतं.

आणि मान जमेल तेवढी उचलून त्यानं आक्काच्या दिशेनं फुंकर घातली.

आक्काचं रडणं हबकून थांबलं. तिनं पदर तोंडातून काढला. "बघ गं पद्मा," ती मला म्हणाली, "मला ह्या स्टुलानं मारलं म्हणतोय."

ते आम्ही कुणी खोडून काढलं नाही. त्रिशला वाकली आणि तिनं त्या स्टुलाला आणखी एक चापट दिली.